हमिंग येतंय कुठून? यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या घुरघुरीचा माग

माझी खोली सोलापूरच्या पूर्व भागात, एका मागाच्या कारखान्याला भिंत लागून. तिथं मी चादरीच्या सेलच्या रिक्षांसाठी जाहिराती, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलवाल्यांच्या घोषणा, मधूनच गल्लीतल्या भजनी मंडळाचे अभंग असं काहीबाही रेकॉर्ड करतो. सामान फार नाही: दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी डबी), एक कंडेन्सर माइक, एक डायनॅमिक, जुना लॅपटॉप आणि दोन पॉवर्ड स्पीकर. पण एवढ्याशा संसारात घुरघुर, किणकिण, तडतड, फुसफुस सगळं पाहुणचार घेऊन गेलंय.

आमच्याकडे असा आवाज आला की माणूस आधी इंटरफेसला शिव्या देतो आणि मग नवी केबल आणतो. मीही तेच केलं होतं. आता सवय वेगळी आहे. इंटरफेस सगळ्यात शेवटी संशयात घ्यायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर वीस सेकंद शांतता रेकॉर्ड करून फाइलला नाव द्यायचं: ‘चार्जर काढून’, ‘पंखा बंद’, ‘दुसरं पोर्ट’. कानाची आठवण पाच मिनिटांत दगा देते, फाइल देत नाही. गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) आणि व्हॉल्यूमच्या बटणांना या सगळ्या वेळात हात लावायचा नाही, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

आधी आवाजाची जात ओळखा

निम्मा शोध इथेच संपतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. वायरिंगमधून, अर्थिंगमधून जे शिरतं ते ५० आणि त्याच्या पटीत वाजतं, म्हणजे १००, १५०, २००. खोल, गोल ‘हूंऽऽ’ असेल तर ५०चा जोर जास्त. कडक, खरखरीत ‘झंऽऽ’ असेल तर १०० आणि त्यावरच्या पटी. पेटी वाजवणाऱ्यांसाठी सोपी खूण सांगतो. ४४० ला लावलेल्या पेटीवर पांढरी पाच धरा. हमिंग तिच्या केसभर वर लागतं. आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका हेडफोन लावून म्हणाले होते, “तुझी मशीन पांढरी पाचमध्ये गातीय, पण बेसूर.” निदान अचूक होतं.

(जाता जाता: हा ५० हर्ट्झ देशभर एकच आहे, आणि त्यात आपल्या गावाचा हात आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला ७६५ केव्हीची रायचूर–सोलापूर लाइन जोडली गेली, तेव्हा दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाशी एका लयीत आला.)

दुसरी जात बारीक शिटीची. यूएसबीवर डेटा ठरावीक ठेक्यात जातो. साध्या फुल-स्पीड उपकरणात दर मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे सेकंदाला १,०००. हाय-स्पीडमध्ये सेकंदाला ८,०००. त्यामुळे १ किंवा ८ किलोहर्ट्झला स्थिर शिटी दिसली तर ती यूएसबीच्या पॉवरमधून गळतेय असं समजा. माउस हलवला, पान सरकवलं की किरकिर बदलत असेल तर तीही त्याच घरातली.

तिसरी तडतड: मधूनच ‘टक्’, शब्द तुटतो, कधी इंटरफेस गायब होऊन परत येतो. ही बहुतेकदा वीज कमी पडल्याची किंवा संगणकाला वेळेवर डेटा न पोचल्याची. चौथी फुसफुस, म्हणजे हिस. ती गेनची गोष्ट, तिच्याकडे शेवटी येऊ.

कानावर भरवसा नसेल तर ऑडॅसिटीत ते वीस सेकंद निवडा, ‘ॲनालाइझ’ मेनूतला ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा, साइझ मोठ्यात मोठा ठेवा. सुळके कुठे आहेत ते सरळ दिसतं.

रेकॉर्डिंगमध्ये आहे की फक्त स्पीकरमध्ये?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. स्पीकर बंद करून हेडफोन इंटरफेसलाच लावा. हेडफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरमध्ये घुरघुर असेल तर तुमच्या रेकॉर्डिंगला काहीही झालेलं नाही. दोष इंटरफेसकडून स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेत आहे. माइक बदलून, सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही.

उलट, रेकॉर्ड केलेल्या फाइलच्या लाटेतच आवाज दिसत असेल तर तो इनपुटकडून येतोय. मग माइकची केबल इंटरफेसमधून काढा आणि पुन्हा वीस सेकंद घ्या. गेला? माइक, केबल किंवा खोली. राहिला? पॉवर, यूएसबी किंवा क्वचित इंटरफेस स्वतः.

चार्जर काढा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सांगून जाणारी चाचणी. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज तत्काळ गेला तर गुन्हेगार एकतर चार्जर, नाहीतर चार्जरमुळे तयार झालेलं अर्थचं वेटोळं (ते काय, हे पुढे स्पीकरच्या वाटेत बघू).

चार्जर दोन पिनचा असेल तर हे वाचा. त्याच्या आत फेज आणि आउटपुटच्या मध्ये छोटे कपॅसिटर असतात, रेडिओ-गोंगाट दाबायला. त्यांतून अगदी किरकोळ करंट, मिलिअँपिअरच्या एक-दोन दशांश एवढा, लॅपटॉपच्या धातूच्या अंगात येत राहतो. अनवाणी पायाने फरशीवर उभं राहून लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं की ज्या बारीक झिणझिण्या येतात त्या ह्याच. हा करंट जमिनीकडे जायला वाट शोधतो. वाट कुठली सापडते? यूएसबीची ग्राउंड वायर, तिथून इंटरफेस, तिथून स्पीकरच्या वायरचं शिल्ड, म्हणजे आतल्या तारांभोवतीची जाळी. जाताना तो घुरघुर सोडून जातो.

याची जोडचाचणी: इंटरफेसच्या धातूच्या बॉडीला हात लावला की घुरघुर कमी होते का? होत असेल तर तुमच्या संचाला धड अर्थ मिळत नाही आणि तुम्हीच त्याचे अर्थिंग झालायत.

रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर काम करणं हा काही कमीपणा नाही. मी आजही महत्त्वाचा टेक बॅटरीवरच घेतो. पण बॅटरीवर पाऊण तासात लॅपटॉप झोपत असेल तर मूळ कारण शोधावं लागतं.

पाच व्होल्ट कुठे गळतात

यूएसबी २ चं पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३ चं ९०० मिलिअँपिअर, साडेचार वॅट. या अडीच वॅटमध्ये इंटरफेसला स्वतःची चिप, हेडफोनचा अँप्लिफायर, माइकचा सिग्नल वाढवणारा प्रीअँप आणि वर फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला त्याच्याच वायरीतून द्यायची वीज) एवढं सगळं भागवायचं असतं.

फँटम म्हणजे ४८ व्होल्ट. पाचाचे अठ्ठेचाळीस करणारं छोटं सर्किट इंटरफेसच्या पोटात असतं. एक कंडेन्सर माइक समजा ५ मिलिअँपिअर खातो. ४८ गुणिले ५, म्हणजे पाव वॅट. दोन माइक, अर्धा वॅट. व्होल्टेज वाढवताना थोडी वीज उष्णतेत जाते ती धरली तर यूएसबीवरून साधारण १३० मिलिअँपिअर एवढ्यासाठीच गेले. म्हणून ‘एक माइक ठीक चालतो, दुसऱ्याला फँटम दिला की तडतड’ अशी तक्रार आली की मी माइककडे बघत नाही, वायरकडे बघतो.

आता वायर. यूएसबी केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि वाचा. २८ एडब्ल्यूजी, २४ एडब्ल्यूजी असे आकडे सापडतील. आकडा मोठा तितकी तांब्याची तार बारीक. चांगल्या केबलवर दोन आकडे असतात: डेटाच्या जोडीला २८ आणि पॉवरच्या जोडीला २४. स्वस्तातल्या केबलवर दोन्हीकडे २८.

फरक किती? २८ नंबरच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दोन मीटरची केबल, करंट जाऊन परत येणार, म्हणजे चार मीटर तार: ०.८५ ओहम. त्यातून अर्धा अँपिअर गेला की ०.४ व्होल्टच्या वर वाटेतच खाल्ले. पोर्टवर ५ असले तरी इंटरफेसला ४.६ मिळतात. पोर्टच मुळात ४.७५ देत असेल, आणि नियमानुसार तेवढं चालतं, तर इंटरफेसपाशी ४.३ उरतात. तिथे तो आचके देणारच. तेच गणित २४ नंबरच्या तारेवर करा, नुकसान ०.१७ व्होल्टवर येतं. म्हणून माझा नियम: केबल एक मीटरची, जाड, आणि शक्यतो इंटरफेसबरोबर आलेलीच. प्रिंटरची जुनी केबल उचलून लावायची नाही. एक्स्टेंशन केबल तर नकोच.

मोजायचं असेल तर यूएसबीच्या मध्ये लावायचा छोटा मीटर मिळतो, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवणारा. तो इंटरफेसच्या टोकाला लावा, फँटम सुरू करा, हेडफोनचा आवाज वाढवा आणि आकडा बघा. ४.७च्या वर ठीक. ४.६ आणि त्याखाली घसरत असेल तर आधी केबल, मग पोर्ट बदला. बघून झाल्यावर मीटर काढून ठेवा, तो स्वतःच एक सैल सांधा असतो.

पोर्टचंही बघा. डेस्कटॉप असेल तर पुढची पोर्टं सोडा, मदरबोर्डाला थेट जडलेली मागची वापरा. ज्या पोर्टाशेजारी वायफायचा डोंगल किंवा बाहेरची हार्ड डिस्क आहे ते टाळा. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब हा सगळ्यात वाईट पर्याय: यूएसबी २ च्या नियमानुसार अशा हबचं एक पोर्ट १०० मिलिअँपिअरच देण्याला बांधील आहे. हब लागणारच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. मात्र तो अडॅप्टर हलका असेल तर एक आवाज घालवून दुसरा आणल्यासारखं होतं, म्हणून दुकानातून परत करता येईल अशा बोलीवर आणा.

विंडोजची काटकसर

हे पाच मिनिटांचं काम, पण करून टाका. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड ‘डिसेबल्ड’. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची जी खूण आहे ती काढा. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ (ASIO) ऑडिओ ड्रायव्हर टाका. बफर (संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो तो आकडा) १२८ वर तडतडत असेल तर २५६ करा. ४८ किलोहर्ट्झला २५६ म्हणजे ५.३ मिलिसेकंद, बोलण्याच्या रेकॉर्डिंगला काही फरक पडत नाही. आणि विंडोजमधला सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) व रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला एकच ठेवा. एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ हे भांडण मी दोन वेळा ‘केबल खराब’ म्हणून निस्तरलंय. वायफाय बंद केल्यावर तडतड थांबत असेल तर दोष वायफायच्या ड्रायव्हरचा, विजेचा नाही.

अर्थिंग: खरी गोष्ट इथे आहे

माझी तीन आठवड्यांची घुरघुर. चार्जर काढला की कमी व्हायची, स्पीकर बंद केले की आणखी कमी, पूर्ण जायची नाही. दोन केबली आणल्या, एक हब आणला. शेवटी आमचे वायरमन अण्णा फ्रिजच्या कामाला आले होते, त्यांना सहज ऐकवलं. त्यांनी इंटरफेसकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली बसले, माझा पाच सॉकेटांचा एक्स्टेंशन बोर्ड उलटा केला, वायर दोन बोटांत धरून वळवली आणि हसले. “दोन तारी हाय की ही.” स्क्रू काढून दाखवलं. आत फेजची पट्टी, न्यूट्रलची पट्टी, दोन्हींना वायर. तिसरी पितळी पट्टी पाचही सॉकेटांची अर्थची भोकं जोडून मधे मोकळी पडलेली. प्लगला मात्र ऐटीत तीन पिना. “अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला हाय बे,” अण्णा म्हणाले.

म्हणजे माझे स्पीकर, लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर, सगळे आपापला गळका करंट त्या एका पट्टीवर सोडत होते आणि पट्टी कुठेच जात नव्हती. तीन कोअरची वायर टाकली. त्या संध्याकाळी मी रिकामं रेकॉर्डिंग पाच वेळा ऐकलं.

तुमचा बोर्ड न उघडता बघता येतो. प्लग भिंतीतून काढा. हे आधी. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा, एक टोक प्लगच्या वरच्या जाड पिनेला, दुसरं बोर्डावरच्या अर्थच्या भोकातल्या पत्र्याला. बीप नाही, तर अर्थ नाही. बोर्ड नवा आहे, महागाचा आहे, वर लाल दिवा आहे, याने काही सिद्ध होत नाही.

पुढची पायरी भिंतीतला सॉकेट. हे ज्याला मीटर धरायची सवय आहे त्यानेच करावं, नाहीतर वायरमनला बोलवा. मीटर एसीच्या ६०० किंवा ७५० रेंजवर. अर्थचं भोक वर ठेवून समोरून पाहिलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल असायला हवा. फेज–न्यूट्रल २३०च्या आसपास. फेज–अर्थ जवळपास तेवढेच. न्यूट्रल–अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज–अर्थ जर शंभर-सव्वाशे असं अधांतरी दाखवत असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलीय किंवा जोडलेलीच नाही.

आकडे सगळे बरोबर, पण उन्हाळ्यातच घुरघुर वाढते? मग अर्थिंगच्या खड्ड्याकडे चला. आपल्याकडे पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे, आणि बऱ्याच भागात काळी माती. काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते. वाळली की आकसते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपापासून किंवा प्लेटपासून चक्क सुटते. मीठ-कोळसा भरलेला खड्डा असला तरी पाणी नसेल तर उपयोग नाही. आमच्या घरमालकांनी खड्ड्यावर फरशी बसवून वर तुळशी वृंदावन ठेवलं होतं. एका परीने बरंच झालं, तुळशीला रोज पाणी पडत होतं. वृंदावन हलवलं त्या वर्षी मे महिन्यात न्यूट्रल–अर्थ १९ व्होल्ट दाखवत होतं. खड्ड्यावर चार बादल्या ओतल्या, दुसऱ्या दिवशी ४. आता उन्हाळ्यात दर रविवारी दोन बादल्या हा ठरलेला हप्ता आहे.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. एक, हमिंग जातं म्हणून स्पीकरच्या किंवा चार्जरच्या प्लगची अर्थची पिन कापणे, किंवा तीन पिनीला दोन पिनी जोड लावणे. हमिंग जातं हे खरं. पण उद्या आत फेजची वायर बॉडीला टेकली तर माइकला ओठ लावून उभा असलेला माणूस त्या करंटची वाट होतो. दोन, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडणे. काही वायरमन हा जुगाड सर्रास करतात, मीटरही खूश होतो. मागे कुठे न्यूट्रल तुटला की तुमच्या सगळ्या धातूच्या बॉड्या २३० व्होल्टवर जातात. असं जोडलेलं दिसलं तर त्याच दिवशी सोडवून घ्या.

स्पीकरकडची वाट

अर्थ नीट झाल्यावरही कधी घुरघुर उरते, कारण आता अर्थ दोन वाटांनी मिळतोय: लॅपटॉप एका सॉकेटवर, स्पीकर पलीकडच्या भिंतीवरच्या सॉकेटवर, आणि दोघांना जोडणारी ऑडिओची वायर. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये थोडाही फरक असला तरी तो या वायरच्या शिल्डमधून वाहतो. हेच ते वेटोळं. उपाय साधा आहे, सगळं एकाच चांगल्या तीन कोअरच्या बोर्डावर आणा. एक लॅपटॉप आणि दोन छोटे स्पीकर ६ अँपिअरच्या सॉकेटला जड नाहीत. इस्त्री त्यावर लावू नका म्हणजे झालं.

त्यानंतर वायर. इंटरफेसचे आउटपुट बहुतेक बॅलन्स्ड असतात, आणि लोक त्यांना मोनो पी-३८ पिनची (पाव इंची जॅकची) वायर लावतात. पिनेवर एकच काळी रेघ असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. स्पीकरला बॅलन्स्ड इनपुट असेल तर दोन रेघांची पिन दोन्हीकडे हवी, किंवा एका बाजूला एक्सएलआर (माइकला असते तशी तीन पिनी जोडणी). बॅलन्स्ड वायरमध्ये सिग्नल दोन तारांवरून उलट-सुलट जातो, वाटेत शिरलेली घुरघुर दोन्हींवर सारखीच बसते आणि स्पीकर दोन्हींचा फरक घेतो, त्यात ती वजा होते. दुकानदार ‘सेम काम करतं’ म्हणेल. करत नाही.

स्पीकरची वायर पूर्ण काढून नुसता स्पीकर चालू ठेवा. तरीही हलकी सळसळ येत असेल तर ती त्याची स्वतःची. तेव्हा स्पीकरच्या मागचं बटण अर्ध्यावर आणा आणि इंटरफेसचा व्हॉल्यूम वाढवा.

माइककडची वाट

माइकची वायर चार्जरच्या आणि बोर्डाच्या वायरीबरोबर रबर लावून बांधू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. एक्सएलआरची पिन उघडून बघा: १ ला शिल्ड, २ आणि ३ ला सिग्नल. मंडपवाल्यांच्या हातून आलेल्या वायरींत १ आणि ३ एकत्र डाग दिलेले मी पाहिलेत. तशी वायर बॅलन्स्ड राहत नाही.

फँटमवर संशय असेल तर माइक काढून, फँटम सुरू ठेवून, पिन १ आणि २ मध्ये डीसी व्होल्ट मोजा, मग १ आणि ३ मध्ये. दोन्हीकडे ४४ ते ५२च्या मध्ये आणि एकमेकांशी जुळणारे आकडे हवेत. एकीकडे ४७ आणि दुसरीकडे ३० असेल तर आतला रोध गेलाय, इथे मात्र इंटरफेस दुरुस्तीला द्यावा लागेल.

राहिली फुसफुस. डायनॅमिक माइकचा सिग्नल मुळातच क्षीण, त्याला साध्या बोलण्यासाठी ५५–६० डेसिबल गेन लागतो, आणि स्वस्त इंटरफेसचं बटण शेवटच्या पावावर गेलं की हिस उडी मारून वाढतो. आधी फुकटचा उपाय करा: तोंड जवळ न्या. अंतर निम्मं केलं की सिग्नल सुमारे ६ डेसिबल वाढतो. वीतभर अंतरावरून चार बोटांवर आलात तर गेन बराच खाली आणता येतो. ते पुरलं नाही तर माइकच्या वायरीत लावायचा छोटा बूस्टर मिळतो, साधारण २५ डेसिबल देणारा. तो फँटमवर चालतो, म्हणजे पुन्हा यूएसबीच्या अडीच वॅटचा प्रश्न आला.

पंखा, इन्व्हर्टर, मोबाइल

सोलापुरात एप्रिलमध्ये पंखा बंद करून गा असं म्हणणं क्रूरपणा आहे, पण चाचणीपुरता करा. त्याहून चांगली चाचणी म्हणजे रेग्युलेटर पूर्ण फुलवर न्या. गोल फिरणारा, मधल्या कुठल्याही वेगावर थांबणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून वेग कमी करतो आणि त्या कापण्याचा ‘झंऽऽ’ सगळीकडे पसरतो. फुलवर तो कापत नाही. आवाज फुलवर गेला तर टप्प्याटप्प्याचा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवून घ्या.

लाइट गेल्यावर घुरघुर कर्कश होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर, स्पीकर बंद, हेडफोनवर काम. मोबाइल इंटरफेसपासून हातभर लांब ठेवा. टूजीवर गेलेला फोन ‘टिरिक-टिरिक’ करत २१७ हर्ट्झचे ठोके मारतो.

काय विकत घ्यायचं, काय नाही

यूएसबी आयसोलेटर नावाची, संगणक आणि इंटरफेस यांच्यातला विजेचा दुवा तोडणारी वस्तू ऑनलाइन स्वस्तात दिसते आणि सगळ्यांना मोह होतो. सावध राहा. त्यातले स्वस्त बरेचसे फुल-स्पीडचेच, सेकंदाला १२ मेगाबिट. तुमचा इंटरफेस हाय-स्पीडवर चालत असेल तर त्यावर तो बहुधा धड चालणार नाही. ४८० मेगाबिटवाले वेगळे आणि बरेच महाग. शिवाय त्यांतून पुढे किती करंट मिळतो तेही विचारा. वेटोळं फक्त स्पीकरच्या वाटेत असेल तर ट्रान्स्फॉर्मरवाला लाइन आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स जास्त सरळ इलाज आहे: ऑडिओ पार जातो, ग्राउंड तुटतो, आणि विजेच्या अर्थला हात लागत नाही.

माझ्या यादीत खरेदीचा क्रम असा: तीन कोअरचा बोर्ड, साधा मल्टिमीटर, एक मीटरची जाड यूएसबी केबल, बॅलन्स्ड वायरी. याच्या पुढे मला आजवर जावं लागलं नाही.

आणि एवढं करूनही फाइलमध्ये काहीतरी धडधडत असेल, माइक काढला की थांबत असेल, तर स्पेक्ट्रम बंद करा आणि भिंतीला कान लावा. माझ्याकडे तो शेजारचा माग असतो. त्याला अर्थिंगचा इलाज नाही. स्टँडखाली चार घड्यांची चादर, इंटरफेसवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे आवाज कापणारी सोय), माइकची पाठ भिंतीकडे. मग कारखान्यातली जेवणाची सुट्टी होते, माग थांबतात, आणि त्या अर्ध्या तासात ‘आली रे आली, सेलची रिक्षा आली’ एका दमात घ्यायचं.